निगेटिव्ह रक्तगट, आईचे वजन आणि सातव्या महिन्यातले इंजेक्शन

विठ्ठलवाडीहून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सुनेला सातवा महिना सुरू आहे. हे तिचे दुसरे बाळंतपण. रक्तगट ओ निगेटिव्ह, वजन ८६ किलो. डॉक्टरांनी अँटी-डी नावाचे इंजेक्शन आणायला सांगितले आणि घरात तीन मते झाली. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "एवढ्या वजनाला एक पुरणार नाही, दोन घ्या." नात्यातल्या एकीने सांगितले, "जाड बाईला ते लागूच पडत नाही, पैसे कशाला घालवता?" आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे, "पहिल्या वेळी घेतले नव्हते, तरी मूल ठणठणीत झाले. मग आता कशाला?" यातले खरे काय, असे त्या भगिनींनी विचारले आहे.

तिन्ही मते चुकीची आहेत. पण पहिल्या दोन मतांमागे एक खरी गोष्ट दडलेली आहे. आईच्या वजनाचा या इंजेक्शनाशी संबंध आहे. तो नेमका कसा आहे हे घरात माहीत नसल्यामुळे कुणी नको ते करते, तर कुणी हवे ते टाळते. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही याच प्रश्नाला दिले आहे.

उत्तर आधीच थोडक्यात सांगतो. वजन जास्त असले तरी इंजेक्शन घ्यायचेच. आपल्या मनाने दोन घ्यायची नाहीत. लक्ष ठेवायचे ते चार गोष्टींवर : इंजेक्शन वेळेवर मिळते का, ते शरीरात कुठे दिले जाते, सुई स्नायूपर्यंत पोहोचते का, आणि बाळंतपणानंतर बाळाचे किती रक्त आईच्या रक्तात मिसळले याचा हिशेब आईचे वजन धरून होतो का.

निगेटिव्ह म्हणजे नेमके काय?

आपल्या लाल रक्तपेशींवर काही खुणा असतात. ए आणि बी या खुणांवरून ए, बी, एबी, ओ हे गट ठरतात. डी नावाची आणखी एक खूण असते. ती असली की पॉझिटिव्ह, नसली की निगेटिव्ह. आपल्या देशात शंभरात साधारण पाच माणसे निगेटिव्ह असतात. हा आजार नाही, दोषही नाही. लग्न ठरवताना मुलीचा रक्तगट निगेटिव्ह निघाला म्हणून नाक मुरडण्याचे काही कारण नाही.

प्रश्न येतो तो आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला तर. बाळ बापाची खूण घेऊन पॉझिटिव्ह होऊ शकते. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणाच्या वेळी, वार सुटताना, बाळाच्या रक्ताचे थोडे थेंब आईच्या रक्तात जातात. आईच्या शरीराला ही खूण परकी वाटते. ते तिच्याविरुद्ध लढणारी द्रव्ये तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात.

ही प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. तोपर्यंत पहिले बाळ जन्माला येऊन गेलेले असते, म्हणून पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. पण आईचे शरीर ती खूण विसरत नाही. पुढचे बाळ पॉझिटिव्ह असले की ही प्रतिपिंडे वारेतून त्याच्यापर्यंत जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडू लागतात. बाळाला पोटातच रक्त कमी पडते, अंगाला सूज येते, जन्मल्यावर तीव्र कावीळ होते. काही बाळे पोटातच दगावतात. पूर्वी "पहिले जगले, पुढची एकही जगली नाहीत" असे काही घरांत ऐकू यायचे. लोक त्याला नजर म्हणायचे, नशीब म्हणायचे. त्यातल्या काही घरांत कारण हे असू शकत होते.

तेव्हा "पहिल्या वेळी काही झाले नाही" हा दिलासा नव्हे. पहिल्या बाळंतपणात इंजेक्शन चुकले असेल तर दुसऱ्या वेळी जास्त सावध राहायला हवे. डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे आणि आईच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच तयार झाली आहेत का, याची तपासणी करून घ्यावी. तिला इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट म्हणतात. प्रतिपिंडे तयार झालेली असतील तर अँटी-डीचा उपयोग राहत नाही. मग बाळावर सोनोग्राफीने बारीक लक्ष ठेवणे आणि गरज पडल्यास पोटातल्या बाळाला रक्त देणे हा वेगळा मार्ग असतो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ मध्ये ती रक्तगटांचे संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. रक्तगट आणि प्रतिपिंडांच्या अवघड प्रश्नांवर तिथे काम चालते.

इंजेक्शन काय करते?

अँटी-डी म्हणजे हीच प्रतिपिंडे, पण बाहेरून तयार दिलेली. बाळाच्या ज्या पेशी आईच्या रक्तात शिरल्या असतील त्यांना ती गाठतात आणि आईच्या शरीराने त्यांची दखल घेण्याआधीच त्या बाजूला होतात. बाहेरून दिलेली प्रतिपिंडे काही महिन्यांत संपतात. आईच्या शरीराने स्वतः तयार केली असती तर ती कायमची राहिली असती. सगळा फरक एवढाच आहे.

हा उपाय १९६० च्या दशकात इंग्लंडमधील लिव्हरपूल आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क येथील डॉक्टरांनी स्वतंत्रपणे शोधला. अमेरिकेत १९६८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याआधी निगेटिव्ह आईला पॉझिटिव्ह बाळ झाले तर साधारण सहा-सात जणींत एकीच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत. बाळंतपणानंतर इंजेक्शन देऊ लागल्यावर हे प्रमाण शंभरात एक-दोनवर आले. सातव्या महिन्यातही द्यायला लागल्यावर ते हजारात दोन-तीनपर्यंत उतरले.

हे औषध कुठून येते? ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत अशा निगेटिव्ह माणसांच्या दान केलेल्या रक्तद्रवातून. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ या काळात १,१७३ वेळा रक्त आणि रक्तद्रव दिला. २०२५ च्या फेब्रुवारीत वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले. त्यांच्या रक्तद्रवातून बनलेले अँटी-डी असंख्य मातांना मिळाले. आता प्रयोगशाळेत पेशी वाढवून त्यांच्यापासूनही अँटी-डी बनवतात. त्यासाठी फार दूर पाहायला नको. विठ्ठलवाडीहून कर्जतकडच्या गाडीत बसले की दुसरे स्थानक अंबरनाथ. तिथल्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीचा कारखाना आहे आणि अँटी-डी हे या कंपनीच्या उत्पादनांपैकी एक आहे.

नेहमीची पद्धत अशी : गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅमचे एक इंजेक्शन. बाळंतपण झाल्यावर बाळाच्या नाळेतले रक्त तपासायचे. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर ७२ तासांच्या आत आईला दुसरे इंजेक्शन. बाळ निगेटिव्ह असेल तर दुसऱ्याची गरज नाही. ७२ तास उलटले म्हणून घरी बसू नये. दहा दिवसांपर्यंत दिले तरी थोडेफार संरक्षण मिळते, पण जितके लवकर तितके चांगले. गर्भपात झाला, गर्भ नळीत राहिला, रक्त गेले, पोटावर मार बसला किंवा पडझड झाली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना रक्तगट निगेटिव्ह असल्याचे सांगावे. सुरुवातीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन लागेल का आणि किती, हे डॉक्टर ठरवतील.

वजनाचा संबंध कुठे येतो?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ३०० मायक्रोग्रॅम ही मात्रा सगळ्यांना सारखीच दिली जाते. ४५ किलोच्या मुलीलाही तेवढीच, ९५ किलोच्या बाईलाही तेवढीच. एका तांब्यात चमचाभर साखर घातली तर पाणी गोड लागते. तीच साखर घागरीत घातली तर चव जाणवतही नाही. जास्त वजनाच्या शरीरात रक्त आणि इतर द्रव जास्त असतात. तेच औषध जास्त जागेत पसरते आणि रक्तातले त्याचे प्रमाण कमी राहते.

यात वेळेचाही हिशेब आहे. अँटी-डी शरीरात साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते. २८ व्या आठवड्यात ३०० दिले तर ढोबळमानाने ३१ व्या आठवड्यात १५०, ३४ व्या आठवड्यात ७५, ३७ व्या आठवड्यात ३७ आणि ४० व्या आठवड्यात १९ च्या आसपास उरते. म्हणजे बाळंतपणाच्या वेळी सोळावा हिस्सा. ज्या आईच्या रक्तात सुरुवातीलाच प्रमाण कमी होते, तिच्यात शेवटी ते सापडेनासे होऊ शकते. ऑस्ट्रियातील व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये 'ट्रान्सफ्यूजन' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडले. इंजेक्शन घेतलेल्या निगेटिव्ह मातांच्या रक्तात बाळंतपणानंतर अँटी-डीचे प्रमाण किती राहते, हे आईच्या वजनावर अवलंबून असल्याचे त्यांना दिसले.

मग मात्राच का वाढवत नाहीत, असे कुणीही विचारेल. कारण आईच्या रक्तात औषध किती दिसते, यापेक्षा बाळाच्या किती पेशी आत शिरल्या आहेत, हे महत्त्वाचे असते. ३०० मायक्रोग्रॅमचे एक इंजेक्शन बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरते. बहुतेक बाळंतपणांत याहून खूपच कमी रक्त आईकडे जाते. त्यामुळे ही मात्रा जास्त वजनाच्या बहुसंख्य मातांनाही पुरेशी ठरते. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या मार्गदर्शक सूचना नेहमीची मात्रा वजनाप्रमाणे ठरवत नाहीत, त्याचे कारण हेच. म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून दोन इंजेक्शने आणू नयेत. आणि "लागू पडत नाही" म्हणून एकही न घेणे तर त्याहून वाईट. कमी प्रमाणात का होईना, संरक्षण मिळतेच. न घेतल्यास काहीच मिळत नाही.

सुई स्नायूत पोहोचली का?

जास्त वजनाच्या आईसाठी मोठा धोका वेगळाच आहे, आणि त्याकडे सहसा कुणाचे लक्ष नसते. हे इंजेक्शन स्नायूत द्यायचे असते. स्नायूत रक्तवाहिन्या भरपूर असतात, तिथून औषध रक्तात मिसळते. आपल्याकडे इंजेक्शन म्हटले की कमरेवर, म्हणजे पार्श्वभागावर द्यायची सवय आहे. जास्त वजनाच्या बाईच्या त्या भागात त्वचेखाली चरबीचा जाड थर असतो. नेहमीची सुई तो थर ओलांडत नाही. औषध चरबीत पडून राहते आणि हळूहळू, कमी प्रमाणात रक्तात येते. कागदावर नोंद होते की अँटी-डी दिले. घरचे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात आईला हवे तेवढे संरक्षण मिळालेले नसते, आणि ते कळते पुढच्या गरोदरपणात.

म्हणून ब्रिटनच्या रक्तविज्ञान तज्ज्ञांच्या सूचनेत हे इंजेक्शन दंडाच्या वरच्या भागातील स्नायूत द्यावे आणि पार्श्वभाग टाळावा असे सांगितले आहे. ऑस्ट्रेलियाच्या सूचनेत बीएमआय ३० किंवा जास्त असलेल्या मातांसाठी इंजेक्शनची जागा आणि सुईची लांबी यांकडे मुद्दाम लक्ष देण्यास सांगितले आहे. युरोपात मिळणाऱ्या रोफायलॅक या अँटी-डीच्या माहितीपत्रकात तर अशा मातांना स्नायूत दिलेले औषध निष्प्रभ ठरण्याचा धोका जास्त असल्याने शिरेतून देण्याचा विचार करावा असे म्हटले आहे. मात्र प्रत्येक कंपनीचे औषध शिरेतून देता येत नाही. काही केवळ स्नायूसाठीच असतात आणि ती शिरेत देणे धोक्याचे असते. हा निर्णय पूर्णपणे डॉक्टरांचा.

सुईबद्दल एक माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. दंडात लस देताना अमेरिकेतील सरकारी आरोग्य यंत्रणा मध्यम वजनाच्या प्रौढ स्त्रीसाठी एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटरची सुई सांगते. ९० किलोच्या वरच्या स्त्रीसाठी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटरची. सत्तर ते नव्वदच्या दरम्यान या दोन्हींपैकी योग्य ती. पत्रातल्या सुनेचे वजन ८६ किलो आहे. तिच्या बाबतीत सुईचा विचार करायलाच हवा.

दंडात इंजेक्शन घेण्याचा आपल्या घरांतल्या स्त्रियांसाठी आणखी एक फायदा आहे. फक्त बाही वर करावी लागते, पडदा सांभाळला जातो. कमरेवर इंजेक्शन घ्यायला संकोच वाटतो म्हणून काही जणी ते टाळतात, पुढे ढकलतात. दंडात देता येते आणि तेच जास्त चांगले, हे कळले तर हा अडसर उरत नाही. त्या दिवशी सैल बाहीचा कुर्ता घालून जावे. घट्ट बाही अर्धवट वर सरकवली की इंजेक्शन हवे त्यापेक्षा खाली दिले जाते.

बीएमआय कसा काढायचा?

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये. उंचीला उंचीनेच गुणा आणि त्या संख्येने वजनाला भागा. उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटर असेल तर दीड गुणिले दीड, सव्वादोन. वजन ७२ किलो असेल तर ७२ भागिले २.२५, म्हणजे ३२. गरोदरपणात वजन वाढतेच, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतले वजन धरावे. यावरून लक्षात येईल की आपल्याकडच्या बुटक्या बांध्याच्या स्त्रीचा बीएमआय सत्तर-बहात्तर किलोलाही तिशी ओलांडतो. "मी काही फार जाड नाही" असे वाटणाऱ्या अनेक जणींना हा हिशेब लागू पडतो.

बाळंतपणानंतरचा हिशेब

एका ठिकाणी मात्र वजनामुळे मात्रा खरोखर बदलू शकते. कधी कधी बाळाचे जास्त रक्त आईकडे जाते. वार हाताने काढावी लागली, सिझेरियन झाले, जुळी असली, पोटाला मार बसला, तर ही शक्यता वाढते. ३० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेल्याचे प्रमाण हजार बाळंतपणांत साधारण दोन-तीन आहे. तेव्हा एक इंजेक्शन पुरत नाही. किती गेले हे क्लायहाउअर नावाच्या तपासणीने कळते. आईच्या रक्तात बाळाच्या पेशी शेकडा किती आहेत हे पाहतात आणि त्यावरून मिलिलिटर काढतात.

हे गणित करताना बहुतेकदा आईच्या शरीरात पाच लिटर रक्त आहे असे धरले जाते. समजा तपासणीत अर्धा टक्का पेशी बाळाच्या निघाल्या. पाच लिटरच्या हिशेबाने ते २५ मिलिलिटर होतात, एका इंजेक्शनच्या मर्यादेत. पण आईचे वजन जास्त असल्यामुळे तिच्या शरीरात प्रत्यक्षात साडेसहा लिटर रक्त असेल, तर तोच अर्धा टक्का साडेबत्तीस मिलिलिटर होतो. म्हणजे मर्यादेच्या बाहेर. आईचे वजन आणि उंची धरून गणित केले तर ही चूक टळते. म्हणून बाळंतपणानंतर अशी तपासणी झाली तर प्रयोगशाळेच्या कागदावर वजन आणि उंची लिहिली आहे ना, एवढे पाहावे. शेजारच्या भाभींचे "दोन घ्या" हे सांगणे खरे ठरेल ते इथेच. पण ते तपासणी सांगेल, अंदाज नव्हे.

सातवा महिना आणि माहेर

२८ वा आठवडा म्हणजे आपल्याकडे सातव्या महिन्याच्या ओटीचा आणि माहेरी जाण्याचा काळ. इथेच पुष्कळ घरांत हे इंजेक्शन हरवते. विठ्ठलवाडीच्या डॉक्टरांनी सांगितलेले असते, मुलगी महाड, मालेगाव किंवा रत्नागिरीला माहेरी जाते. सासरचे समजतात माहेरी देतील, माहेरचे समजतात देऊनच पाठवली असेल. सासर-माहेरच्या मानपानात कुणी विचारत नाही. म्हणून मुलीला निरोप देण्याआधी इंजेक्शन देऊनच पाठवावे. ते शक्य नसेल तर तारीख लिहून द्यावी आणि तिथल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावे.

माता-बाल संरक्षण कार्ड नेहमी सोबत असावे. त्यावर रक्तगट, वजन, उंची, इंजेक्शनची तारीख, औषधाचे नाव, मात्रा आणि ते शरीरात कुठे दिले हे लिहून घ्यावे. नंतर कूम्ब्स तपासणी थोडी पॉझिटिव्ह आली तर नवीन डॉक्टरांना त्यावरूनच कळेल की ती इंजेक्शनमुळे आहे. नाहीतर घर उगाच घाबरते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे हा प्रश्न निःसंकोच विचारावा. तुमच्या भागातील आशाताईंनाही विचारता येते.

औषध दुकानातून आणायचे असेल तर ते २ ते ८ अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात लागते. उल्हासनगर कॅम्पातल्या दुकानातून घेऊन दुपारच्या उन्हात पिशवीत फिरवू नये. दुकानदाराकडून बर्फाच्या पाकिटासह घ्यावे, मात्र बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नये. गोठलेले औषध वापरायचे नसते. घरी फ्रीजरमध्ये नव्हे, खालच्या कप्प्यात ठेवावे. शक्य असेल तर दवाखान्यात जातानाच विकत घ्यावे.

दोन शंका

रोजात हे इंजेक्शन घेता येते का, असे काही भगिनी विचारतात. स्नायूत घेतलेल्या, पोषणासाठी नसलेल्या इंजेक्शनने रोजा मोडत नाही असे बहुतेक आलिमांचे मत आहे. शिवाय आपल्या किंवा बाळाच्या तब्येतीची भीती असलेल्या गरोदर स्त्रीला रोजा पुढे ठेवण्याची मुभा आहेच. ७२ तासांची मुदत रमजान संपण्याची वाट पाहत नाही.

दुसरी शंका, हे मानवी रक्तद्रवापासून बनते, मग चालेल का? जीव वाचवण्यासाठी रक्त देण्या-घेण्याला आलिमांनी गरजेच्या तत्त्वावर परवानगी दिली आहे आणि हे औषध पुढच्या बाळाच्या जिवासाठीच आहे. तरीही मन मानत नसेल तर आपल्या ओळखीच्या आलिमांना विचारावे, आणि डॉक्टरांना प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटी-डीबद्दल विचारावे. पण हे विचारणे सहाव्या महिन्यातच व्हावे. बाळंतपणाच्या दिवशी या चर्चेला वेळ नसतो.

वजनाबद्दल दोन शब्द

गरोदरपणात वजन कमी करण्यासाठी उपाशी राहू नये. त्याने बाळाचे नुकसान होते. वजनाकडे लक्ष द्यायची खरी वेळ दोन बाळंतपणांच्या मधली. पहिल्या बाळंतपणानंतर चाळीस दिवस हरीरा, तूप, सुक्या मेव्याचे लाडू प्रेमाने खाऊ घातले जातात. ते प्रेम आम्हाला मान्य आहे. पण चाळीस दिवसांची ती सवय चार वर्षे चालली की वजन बाळाबरोबर वाढत जाते. आणि निगेटिव्ह रक्तगटाचा धोका पहिल्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या बाळाला जास्त असतो, हे आपण वर पाहिले. म्हणजे ज्या वेळी संरक्षण चोख हवे, त्याच वेळी वजन सर्वांत जास्त असते. पीठ, तूप, साखर मोजून खाणे आणि रोज अर्धा तास चालणे एवढ्यानेही फरक पडतो.

आणि घरच्यांना एक विनंती. सुनेच्या वजनावर चारचौघांत बोलू नका. टोमणे ऐकून बाई वजनकाट्यावर उभी राहायलाच लाजते, डॉक्टरांना खरा आकडा सांगत नाही. तिला बोलून वजन एक किलोही घटत नाही. पण खरा आकडा लपला तर सुई चुकीची निवडली जाते.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर हे प्रश्न लिहून न्यावेत :

नवऱ्याचा रक्तगट तपासला का? तोही निगेटिव्ह असेल तर इंजेक्शनची गरज नसते.

माझ्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का, तपासणी झाली का?

माझा बीएमआय किती? इंजेक्शन दंडात देता येईल का, आणि सुई किती लांबीची असेल?

हे औषध स्नायूसाठीच आहे, की शिरेतूनही देता येते? माझ्यासाठी कोणते योग्य?

बाळ झाल्यावर नाळेतल्या रक्ताचा गट कधी कळेल? ७२ तास कोणत्या तारखेला, किती वाजता पूर्ण होतील?

बाळाचे जास्त रक्त माझ्याकडे आल्याचा संशय असेल तर तपासणी कुठे होते, आणि त्या हिशेबात माझे वजन धरले जाईल ना?

डॉक्टरांना हे विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. गर्दीच्या दवाखान्यात, ओपीडीच्या रांगेत, दोन मिनिटांत एखादी गोष्ट राहून जाऊ शकते. तुम्ही विचारले की ती आठवते. विठ्ठलवाडीच्या भगिनींनी हा अंक सुनेच्या हाती द्यावा, आणि दवाखान्यात जाताना सासू-सुना दोघींनी मिळून जावे.